कुत्रीला परदेशी न्यायचे, तर परतीचे कागद आधी

मालवण, वेंगुर्ले, देवगड, कुडाळ या सिंधुदुर्गातल्या पट्ट्यात लॅब्राडोर, जर्मन शेफर्ड, गोल्डन रिट्रीव्हर यांसारख्या जातींचे कुत्रे आता सहज दिसतात. त्यातल्या काही घरांत नीट जपलेली, केनेल क्लबच्या कागदांवर तीन-चार पिढ्यांची नावे असलेली कुत्री असते. घरातला कोणीतरी दुबईला, मस्कतला किंवा लंडनला असतो. तिकडच्या एखाद्या नामांकित नराचे फोटो येतात आणि घरात विषय निघतो: आपल्या कुत्रीला एकदा तिकडे नेऊन मेटिंग करून आणू या का?

असा विचार करणाऱ्या प्रत्येकाला माझे पहिले सांगणे एकच. जाण्याचा हिशेब परतीपासून मांडा. होडी समुद्रात लोटण्याआधी तांडेल खाडीच्या तोंडातून परत कधी शिरता येईल ते बघून ठेवतो, तसेच हे आहे. कुत्रा देशाबाहेर नेणे मेहनतीचे असले तरी जमते. त्याला भारतात परत आणताना मात्र कायदा, कागद आणि तारखा या तिन्हींची गाठ पडते, आणि त्यात कुत्री गाभण असेल तर चौथी अडचण तिच्या पोटातच वाढत असते.

आधी ठरवा, जायलाच हवे का

परदेशी नर हवा असण्याला नेमके कारण हवे. तुमच्या कुत्रीच्या वंशात ज्या गुणाची उणीव आहे तो गुण त्या नराच्या तपासलेल्या पिढ्यांत आहे का? त्याच्या मांडीच्या सांध्याचे एक्स-रे, डोळ्यांची तपासणी, त्या जातीत आढळणाऱ्या आनुवंशिक आजारांच्या डीएनए चाचण्या यांचे अहवाल तुम्ही पाहिलेत का? शोमधले पदक आणि देखणा फोटो एवढ्यावर कुत्रीला समुद्रापार नेऊ नका. तशाच वंशाचा नर मुंबई, पुणे, कोल्हापूर, बंगळुरूत मिळत असेल तर तो शंभर टक्के सोयीचा. परदेशी नराचे गोठवलेले वीर्य मागवता येईल का, हेही विचारून बघा. त्याला वेगळ्या परवानग्या लागतात आणि रेतन करणारा डॉक्टर त्यातला जाणकार लागतो, पण कुत्रीचा विमानप्रवास वाचतो.

देशी जातीच्या कुत्रीला तर बाहेर न्यायचे काहीच कारण नाही. मुधोळचे राजे मालोजीराव घोरपडे यांनी आपल्या संस्थानातल्या शिकारी कुत्र्यांची पिल्ले ब्रिटनचा राजा पाचवा जॉर्ज याला भेट दिली होती. तेव्हा कुत्री इकडून तिकडे गेली. आज बागलकोट जिल्ह्यात मुधोळजवळ तिम्मापूरला या जातीसाठी सरकारी संशोधन केंद्र आहे. मुधोळ, राजपालयम आणि चिप्पीपराई या जातींची नोंद राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्यूरोने केलेली आहे. सिंधुदुर्गातून तिम्मापूरचे केंद्र एका दिवसाच्या रस्त्यावर आहे.

तुमच्या कुत्रीचे वयही बघा. 2017 च्या श्वान प्रजनन व विपणन नियमांनुसार नर-मादी दोघांचे वय किमान 18 महिने हवे, मेटिंगपूर्वी पशुवैद्याने दोघांना तंदुरुस्त ठरवलेले हवे, मादीची आयुष्यात पाचपेक्षा जास्त वेते होता कामा नयेत आणि आठ वर्षांवरच्या मादीला प्रजननासाठी वापरता येत नाही. पिल्ले विकणार असाल तर राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे ब्रीडर म्हणून नोंदणी करावी लागते. परदेशी खर्च करण्याआधी ही नोंदणी उरकून घ्या.

भारतात परत येण्याचा दरवाजा

परदेशातून येणाऱ्या प्राण्यांची तपासणी केंद्र सरकारची पशु संगरोध व प्रमाणन सेवा करते. व्यवहारात सगळे तिला एक्यूसीएस म्हणतात. तिची केंद्रे दिल्ली, मुंबई, कोलकाता, चेन्नई, बंगळुरू, हैदराबाद आणि कोची इथे आहेत, आणि पाळीव कुत्रा देशात येतो तो याच ठिकाणांहून. सिंधुदुर्गातल्या माणसाची चूक इथेच व्हायची शक्यता असते. चिपीचा विमानतळ घराजवळ आहे, गोव्यातल्या मोपाहून परदेशी विमाने उडतात, म्हणून तिकीट मोपाचे काढावेसे वाटते. कुत्रीसाठी तो रस्ता बंद आहे. आपल्यासाठी मुंबई हेच सोयीचे दार.

दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची. परकीय व्यापार महासंचालनालयाने 25 एप्रिल 2016 च्या अधिसूचनेने प्रजननासह व्यापारी कारणांसाठी कुत्र्यांच्या आयातीवर बंदी घातली. मालकाच्या नावाचे पेट बुक, म्हणजे प्राण्याची नोंदपुस्तिका, आणि नोंदी असलेला पाळीव कुत्रा, संशोधन संस्था आणि सुरक्षा दले यांना सवलत ठेवली. या बंदीवरून न्यायालयात वादही झाले. शिवाय सामानासोबत कुत्रा आणण्याची नेहमीची सवलत दोन वर्षे परदेशात राहून कायमचे परतणाऱ्यांसाठी आहे. दोन-तीन आठवड्यांसाठी गेलेला माणूस त्यात बसत नाही.

मग तुमची कुत्री कोणत्या खणात बसते? ती भारतात जन्मलेली, तुमच्याच नावावरची, इथूनच बाहेर गेलेली आणि परत येणारी आहे. हे सिद्ध करण्याचा पुरावा तुम्ही जाण्याआधीच तयार करायचा असतो. म्हणून तिकीट काढण्याआधी मुंबईच्या एक्यूसीएस कार्यालयाला ईमेल करा. कुत्रीची जात, वय, चिप क्रमांक, कुठे नेणार, किती दिवस, मेटिंगसाठी नेणार हे स्पष्ट लिहा आणि दोन प्रश्न विचारा: परत आणताना कोणते कागद लागतील, आणि परकीय व्यापार महासंचालनालयाचा परवाना लागेल का? उत्तर लेखी घ्या. फोनवर कोणी काय सांगितले याला विमानतळावर किंमत नसते. हेतू लपवूही नका. ‘फिरायला नेली’ असे सांगून गेलेली कुत्री गाभण होऊन परतली, तर उरलेल्या सगळ्या खऱ्या कागदांवरही संशय येतो.

जातीचीही खात्री करून घ्या. मार्च 2024 मध्ये केंद्रीय पशुसंवर्धन खात्याने 23 जातींच्या आयात, प्रजनन आणि विक्रीवर बंदी आणणारे पत्रक राज्यांना पाठवले होते. एप्रिल 2024 मध्ये कर्नाटक उच्च न्यायालयाने ते रद्द केले. रॉटवायलर, पिटबुल यांसारखी त्या यादीतली जात तुमच्याकडे असेल तर जाण्याच्या वेळी नियम काय आहे ते नव्याने विचारा.

लस, रक्त आणि माज यांचे गणित

रेबीजच्या बाबतीत बहुतेक देश भारताला जोखमीचा देश मानतात. शेजारच्या गोव्याने रेबीजवर मोठे काम केले असले तरी परदेशी अधिकारी पूर्ण देश बघतो, राज्य बघत नाही. त्यामुळे नुसती लस पुरत नाही. लसीमुळे रक्तात पुरेशी प्रतिपिंडे तयार झाली का, याची चाचणी लागते. तिला टायटर टेस्ट म्हणतात आणि किमान पातळी 0.5 आंतरराष्ट्रीय एकक प्रति मिलिलिटर आहे.

क्रम असा पाळायचा. आधी 15 अंकी आयएसओ मायक्रोचिप. मग रेबीजची लस. लस टोचण्याआधी डॉक्टरांनी स्कॅनरने चिप वाचून तो क्रमांक लसपुस्तिकेत लिहिलेला हवा. चिप बसवण्याआधी दिलेली लस युरोपात धरत नाहीत. लसीनंतर किमान 30 दिवसांनी मान्यताप्राप्त प्रयोगशाळेसाठी रक्त. युरोपीय संघात आणि ब्रिटनमध्ये जायचे तर रक्त घेतल्या तारखेपासून पुढे तीन महिने थांबावे लागते. म्हणजे लसीपासून मोजले तर चार महिने गेले.

आता हे माजाशी जुळवा. बहुतेक कुत्र्या साधारण सहा महिन्यांनी माजावर येतात, काही आठ-दहा महिन्यांनी. समजा तुमची कुत्री जूनमध्ये माजावर आली होती आणि तिचे अंतर सहा महिन्यांचे आहे. तर जूनमध्येच चिप वाचून लस द्या. जुलैच्या मध्यावर रक्त पाठवा. तीन महिने ऑक्टोबरच्या मध्यावर भरतील. नोव्हेंबरमध्ये बाकी तपासण्या आणि पिंजऱ्याची सवय, आणि डिसेंबरच्या माजाला कुत्री निघायला तयार. जूनऐवजी सप्टेंबरमध्ये जागे झालात तर डिसेंबरचा माज हातचा गेला. घाई करून तारखा पुढेमागे करू नका, पुढच्या माजाला जा.

अहवाल बाद होऊन पुन्हा चार महिने जाऊ नयेत म्हणून बूस्टर कधीही चुकवू नका. लसीची मुदत संपण्याआधी पुढची लस दिली गेली असेल तर युरोपात जुना टायटर अहवाल पुढेही चालतो. एक दिवस उशीर झाला तरी पहिल्यापासून सुरुवात.

रक्ताच्या नमुन्याबाबत तळकोकणात वेगळी काळजी लागते. रक्त गोठून त्यातला सीरम वेगळा काढून तो थंड ठेवून पाठवायचा असतो. पावसाळ्यात इथे वीज जाते, कुरिअरला दोन दिवस जास्त लागतात, आणि लालसर झालेला नमुना प्रयोगशाळा नाकारते. त्यापेक्षा कुत्रीला मुंबईत नेऊन तिथेच रक्त काढून तिथूनच रवाना केलेले बरे. परळच्या मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालयात किंवा ज्या डॉक्टरांनी हे काम वारंवार केले आहे त्यांच्याकडे जा. प्रयोगशाळा तुम्ही जाणार त्या देशाने मान्य केलेली आहे ना, हे त्या देशाच्या अधिकृत यादीत स्वतः बघा.

कुठे जाणार, त्यावर बरेच ठरते

युरोपीय संघातल्या देशांत मालकासोबत, किंवा मालकाच्या आधी-नंतर पाच दिवसांत जाणारे पाचपर्यंत प्राणी बिगरव्यापारी धरले जातात, मात्र विक्री किंवा मालकी बदलण्याचा हेतू नसावा. आरोग्य दाखला सरकारी पशुवैद्याच्या सहीचा लागतो आणि तो दिल्यापासून दहा दिवसांत युरोपात शिरावे लागते. आयर्लंड, माल्टा, फिनलंड, नॉर्वेला जायचे तर फीतकृमीचे औषध प्रवेशाआधी 24 ते 120 तासांच्या आत पशुवैद्याने देऊन तशी नोंद करावी लागते. ब्रिटनलाही हेच लागते, आणि भारतातून विमानाने ब्रिटनला कुत्रा कार्गोनेच जातो. ब्रिटनमध्ये पिटबुल टेरिअर, जपानी टोसा, डोगो अर्जेंटिनो, फिला ब्राझिलेरो आणि एक्सएल बुली यांना बंदी आहे.

अमेरिकेने 1 ऑगस्ट 2024 पासून नियम कडक केले. कुत्रा किमान सहा महिन्यांचा, चिप असलेला, आयात फॉर्म भरलेला हवा. भारतात लस घेतलेला कुत्रा ठरावीक सहा विमानतळांवरच उतरतो. तिथल्या नोंदणीकृत केंद्रात आधी जागा राखून ठेवावी लागते, आणि टायटर अहवाल नसेल तर तिथे 28 दिवस अलग राहावे लागते. ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड भारतातून थेट कुत्रा घेतच नाहीत.

आखातात आपल्या माणसांची घरे आहेत, म्हणून तिकडे सोपे असेल असे वाटते. संयुक्त अरब अमिरातीत आयात परवाना आधी काढावा लागतो, भारतातून येणाऱ्या कुत्र्याला टायटर अहवाल लागतो, काही जातींना मनाई आहे आणि उन्हाळ्यात काही विमान कंपन्या प्राणी घेणे बंद करतात. तिथल्या नातेवाइकांना फक्त राहण्याची सोय विचारू नका. त्यांना परवान्याचे काम हातात घ्यायला सांगा.

मेटिंगआधीच्या तपासण्या

दोन्ही कुत्र्यांची ब्रुसेला कॅनिसची रक्तचाचणी झाल्याशिवाय मेटिंग नाही, हा नियम स्वतःला घालून घ्या. हा जंतू मेटिंगमधून पसरतो, गर्भपात करवतो, माणसालाही लागू शकतो आणि एकदा शिरला की पूर्ण जात नाही. भारतातल्या मोकाट कुत्र्यांत मेटिंगमधून पसरणारी गाठ, म्हणजे टीव्हीटी, बरीच आढळते. कुत्रीची त्यासाठी तपासणी करून घ्या. दक्षिण युरोपात, म्हणजे स्पेन, इटली, ग्रीसकडे, जाणार असाल तर लेशमॅनियाचा विचार करा. सँडफ्लाय चावून तो होतो, म्हणून तिथे संध्याकाळी कुत्रीला उघड्यावर ठेवू नका.

इथल्या आजारांकडे तेवढेच लक्ष द्या. गोचिडांमुळे होणारे अर्लिकिया आणि बबेसिया हे आजार, म्हणजेच टिक फीव्हर, आपल्याकडे सर्रास दिसतात. दोडामार्ग तालुक्यात 2016 मध्ये माकडताप आला, तोही गोचिडांमुळेच, तेव्हा या पट्ट्यात गोचिडांवर लक्ष ठेवणे घरातल्या माणसांसाठीही गरजेचे. लेप्टो तर पावसाळ्यात शेतात, तळ्याकाठी फिरणाऱ्या कुत्र्याला कधीही होऊ शकतो.

हे सगळे प्रवासाच्या दोन महिने आधी उरकण्याचे कारण आहे. टिक फीव्हरवर दिले जाणारे डॉक्सिसायक्लिन गाभण कुत्रीला टाळतात. डिस्टेंपर, पार्वो यांच्या जिवंत जंतूंच्या लशी गाभणपणात देत नाहीत. भारतात परतताना या आजारांच्या लशी चालू असल्याचे दाखवावे लागते. म्हणजे परतीच्या दाखल्यासाठी लागणारे बूस्टर कुत्री गाभण होण्याआधीच झालेले हवे. तिकडे गेल्यावर लक्षात आले तर दोन्हीकडून अडकाल.

नराच्या मालकाशी लेखी बोलणे

आंतरराष्ट्रीय श्वान महासंघाचे, म्हणजे एफसीआयचे, आंतरराष्ट्रीय प्रजननाचे जुने नियम आहेत. त्यांत मादी आणि नराच्या मालकांच्या जबाबदाऱ्या मांडल्या आहेत. भारताचा केनेल क्लब चेन्नईत आहे. मेटिंगआधी त्यांना लिहून, परदेशी नरापासून झालेल्या पिल्लांची नोंद करायला नराचे कोणते कागद लागतील ते विचारा. साधारणपणे मादीचा मालक जिथे राहतो त्या देशाच्या नोंदवहीत पिल्ले जातात. त्यासाठी नराच्या मालकाने मेटिंगची तारीख लिहून सही केलेला दाखला, नराची वंशावळ, त्याचा चिप क्रमांक आणि शक्य असल्यास डीएनए नोंद तुमच्या हातात हवी.

पैशांचे लेखी ठरवा: फी किती, ती कधी द्यायची, एक मेटिंग की दोन, कुत्री रिकामी राहिली तर पुढच्या माजाला मोफत मेटिंग की काही रक्कम परत. कुत्री त्यांच्याकडे राहणार असेल तर ती आजारी पडली, पळाली, कोणाला चावली तर जबाबदारी कोणाची, हेही लिहा. फीऐवजी पिल्लू द्यायचे ठरत असेल तर नकार द्या. ते पिल्लू पुन्हा देशाबाहेर पाठवताना हाच सगळा कागदोपत्री व्याप पिल्लासाठी करावा लागेल.

मेटिंगची वेळ अंदाजाने धरू नका. माजाचे रक्त दिसल्यापासून साधारण नऊ दिवसांनी कुत्री नराला घेऊ लागते, पण प्रत्येकीचे वेगळे असते. प्रोजेस्टेरॉनची रक्तचाचणी दर दोन दिवसांनी केली की बीजे सुटण्याचा दिवस कळतो, आणि त्यानंतर दोन दिवसांनी मेटिंग केलेली चांगली. ही चाचणी तिकडे कोण करणार, त्या डॉक्टरांची वेळ निघण्याआधीच घ्या.

मालवणातून निघताना

रक्त दिसले त्या दिवसापासून घड्याळ सुरू होते. युरोपचा दाखला दहा दिवसांचा, त्याआधी एक्यूसीएसची तपासणी, त्याआधी मुंबईत पोहोचायचे, आणि मालवण ते मुंबई अंतर सुमारे 500 किलोमीटर. म्हणून माज अपेक्षित असेल त्याच्या आठवडाभर आधीच कुत्रीला घेऊन मुंबईत नातेवाइकांकडे जाऊन राहा. तिकीट तारीख बदलता येणारे काढा.

रेल्वेने जायचे तर कुत्रीला सोबत नेता येते ते फक्त प्रथम वर्गात, दोन किंवा चार बर्थचा पूर्ण कूपे तुमच्या नावावर असेल तर. नाहीतर गार्डच्या डब्यातल्या पेटीत. तिकीट पार्सल ऑफिसमध्ये काढावे लागते. एसी टू टियर, थ्री टियर आणि स्लीपरमध्ये परवानगी नाही. कुडाळ किंवा कणकवलीला गाडी जेमतेम काही मिनिटे थांबते, तेव्हा पार्सल ऑफिसला आदल्या दिवशी जाऊन या. पावसाळ्यात कोकण रेल्वे वेगळ्या वेळापत्रकाने, सावकाश धावते, हेही लक्षात ठेवा. गाडीने जाणार असाल तर रात्रीचा थंड प्रवास, दर दोन-तीन तासांनी थांबा आणि कुत्री सतत पट्ट्यात. माजावरची कुत्री महामार्गावरच्या ढाब्यावर सुटली तर सगळा बेत तिथेच संपतो.

पिंजरा

विमान कंपन्या आंतरराष्ट्रीय हवाई वाहतूक संघटनेच्या, म्हणजे आयाटाच्या, नियमांप्रमाणे पिंजरा मागतात. माप घरीच घ्या. कुत्रीला सरळ उभी करा. नाकाच्या टोकापासून शेपटीच्या मुळापर्यंत लांबी, जमिनीपासून पुढच्या पायाच्या कोपरापर्यंत उंची, खांद्याची रुंदी आणि जमिनीपासून डोक्याच्या किंवा ताठ कानाच्या टोकापर्यंत उंची, अशी चार मापे. पिंजऱ्याची लांबी म्हणजे पहिले माप अधिक दुसऱ्याचे निम्मे. रुंदी म्हणजे खांद्याच्या रुंदीची दुप्पट. उंची म्हणजे चौथे माप, त्यात अंथरुणाची जाडी मिळवून. मापे 75, 34, 20 आणि 66 सेंटिमीटर आली तर पिंजरा किमान 92 लांब, 40 रुंद आणि 66 अधिक अंथरूण इतका उंच हवा. मोठा चालेल, तसूभर लहान चालणार नाही.

पिंजऱ्याला चारी बाजूंनी हवा हवी, दोन्ही भागांना धातूचे बोल्ट हवेत, आणि दाराला बाहेरून पाणी भरता येईल असे भांडे हवे. महिनाभर आधी पिंजरा पडवीत ठेवा, दार उघडे. त्यातच जेवण द्या, मग झोप, मग दार लावून तासभर, मग गाडीत. विमानात झोपेचे औषध देऊ नका. उंचीवर त्याने श्वास आणि रक्तदाबावर वाईट परिणाम होतो, आणि गुंगीत असलेली कुत्री दिसली तर कंपनी तिला चढवत नाही. पग, बुलडॉग यांसारख्या चपट्या नाकाच्या जातींना अनेक कंपन्या घेत नाहीत. अशा कुत्रीला मेटिंगसाठी विमानात घालणे मला योग्य वाटत नाही.

मेटिंगनंतर लगेच परत

पिल्ले परदेशात होऊ देऊ नका. परदेशात जन्मलेले पिल्लू भारताच्या दृष्टीने नवी आयात आहे आणि 2016 च्या अधिसूचनेचा प्रश्न प्रत्येक पिल्लासाठी उभा राहतो. बहुतेक ठिकाणी बारा आठवड्यांआधी रेबीजची लस ग्राह्य धरत नाहीत. म्हणजे कुत्री, पिल्ले आणि तुम्ही महिनोन्‌महिने तिथेच.

गर्भाची वाढ साधारण 63 दिवसांची. शेवटच्या मेटिंगनंतर दोन-चार दिवस विश्रांती देऊन परत निघा. तिसऱ्या आठवड्याच्या सुमारास गर्भ गर्भाशयाला चिकटतात. त्या काळात लांबचा प्रवास, ताप, नवे औषध टाळलेले बरे. शेवटच्या टप्प्यात तर विमान कंपन्या कुत्रीला घेतच नाहीत.

परतीसाठी तिकडच्या सरकारी पशुवैद्याने शिक्का मारलेला आरोग्य दाखला लागतो. तिथल्या खासगी डॉक्टरची तपासणी आणि सरकारी शिक्का यांच्या वेळा मेटिंगच्या आठवड्यातच ठरवून ठेवा. एक्यूसीएसचे ना हरकत प्रमाणपत्र विमान क्रमांक आणि तारखेसह आधी घ्यावे लागते. मुंबईत सोमवार ते शुक्रवार, कामकाजाच्या वेळेत उतरणारे विमान निवडा, म्हणजे तपासायला अधिकारी हजर असतील. कागद कमी पडले तर कुत्रीला अलग ठेवणे किंवा परत पाठवणे दोन्ही होऊ शकते, आणि तो खर्च मालकाचा. कुत्री कार्गोने नेली असेल तर जाताना झालेले शिपिंग बिल जपून ठेवा. कस्टम्सला हीच कुत्री इथून गेली होती हे दाखवायला ते उपयोगी पडते.

घरी आल्यावर आठवडा-दोन आठवडे तिला इतर कुत्र्यांपासून वेगळी ठेवा. मेटिंगनंतर साधारण 25 ते 30 दिवसांनी सोनोग्राफीत गर्भ दिसतात. 55 व्या दिवसानंतरच्या एक्स-रेत पिल्ले मोजता येतात, म्हणजे वेताच्या वेळी एखादे आत राहिले तर कळते. ही सोय तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात नसेल तर कुडाळ, सावंतवाडी, कोल्हापूर किंवा गोव्यात कुठे जायचे ते आधीच बघून ठेवा.

एक फाइल, दोन प्रती

शेवटी सगळे एका फाइलवर येते. तिच्यात हे हवे:

- लसपुस्तिका: प्रत्येक लशीचे स्टिकर, बॅच क्रमांक, डॉक्टरांची सही, शिक्का आणि पशुवैद्यक परिषदेचा नोंदणी क्रमांक
- चिप बसवल्याचा दाखला
- टायटर अहवाल, रक्त घेतल्याची तारीख स्पष्ट असलेला
- ब्रुसेला आणि टिक फीव्हरचे अहवाल
- केनेल क्लबची नोंद आणि मालकी तुमच्या नावावर असल्याचा पुरावा
- एक्यूसीएसचा निर्यात आरोग्य दाखला आणि त्यांचे लेखी उत्तर
- नराच्या मालकाशी झालेला करार आणि मेटिंगचा दाखला
- तिकिटे, पासपोर्टची प्रत, कुत्रीचे समोरून व दोन्ही बाजूंनी काढलेले फोटो

मालकाचे नाव सगळीकडे पासपोर्टवर आहे तसेच लिहून घ्या, वडिलांचे नाव आणि आडनाव त्याच क्रमाने. लसपुस्तिकेवर ‘सोनी’ आणि केनेल क्लबच्या कागदावर लांबलचक नोंदणीचे नाव असेल तर दोन्ही नावे एकाच कागदावर डॉक्टरांकडून लिहून घ्या. चिपचे 15 अंक प्रत्येक कागदावर एकेक करून ताडून बघा. एक अंक चुकला तरी अधिकाऱ्याच्या दृष्टीने तो दुसरा कुत्रा असतो. एक प्रत सोबत, दुसरी घरी विश्वासू माणसाकडे, आणि सगळ्याचे फोटो फोनमध्ये.

हे सगळे वाचून खर्च आणि कष्ट झेपणार नाहीत असे वाटले तर थांबा. त्यात कमीपणा नाही. कुत्रीला पदकाची आणि परदेशी वंशावळीची गरज नसते, ती तुमच्या भरवशावर पिंजऱ्यात शिरते. जायचेच ठरले तर एक खूणगाठ बांधा: परत आणता येईल असे एक्यूसीएसचे लेखी उत्तर हातात येईपर्यंत नराच्या मालकाला पैसे पाठवायचे नाहीत आणि तिकीटही काढायचे नाही.